नैरोबी ते आक्रा, व्हाया चंद्रोदय

नैरोबीहून आक्राला विमानाने जायला किती वेळ लागतो, असं मला कोणी ऑक्टोबरात विचारलं असतं तर 'गूगल कर' म्हणून मी मोकळा झालो असतो. आज कोणी विचारलं तर मी आधी त्याला खुर्ची देतो, पाणी देतो आणि मग विचारतो की उपास आहे का. उपास नसेल तर प्रश्न सोपा आहे. उपास असेल तर माझ्याकडे येऊ नये, ही नम्र विनंती.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सकाळी सहाच्या सुमारास फोन वाजला. आमच्या पिनरला, लंडनच्या या टोकाला, नोव्हेंबरात सकाळचे सहा म्हणजे चक्क रात्र असते. पलीकडून सासूबाई म्हणाल्या, "अवधूतराव, बारा वाजत आले हो. अजून अंथरुणातच?"

सासूबाईंचं हे नेहमीचं. मी कितीही लवकर उठलो तरी त्यांच्या लेखी बारा वाजत आलेले असतात. त्या सांगलीहून फोन करायच्या तेव्हा हे चालून जाई, तिकडे खरंच बारा वाजत आलेले असत. पण आता त्या तीन महिने नैरोबीला, अनुपकडे, म्हणजे माझ्या मेहुण्याकडे राहत होत्या. तिकडे फार तर नऊ वाजले असतील. पण जावयाला आळशी ठरवायचं एकदा ठरलं की भूगोल आड येत नाही. मी हा टोमणा लग्नापासून गिळत आलोय, त्याही दिवशी गिळला.

"तुमच्याकडे एक काम होतं," त्या म्हणाल्या. "येत्या शनिवारी मी आपल्या पूर्वीकडे निघतेय, आक्राला. संध्याकाळी सातचं विमान आहे. अनुपनं तिकीट काढताना कॅलेंडर बघितलं नाही, आणि त्या दिवशी नेमकी संकष्टी आली. ही एकविसावी. ही करून व्रत पुरं होतंय, त्यामुळे मोडता येत नाही. तर विमानात चंद्रोदय किती वाजता होईल, तेवढं बघून सांगा."

मी उठून बसलो. आमच्या सात वर्षांच्या संसारात सासूबाईंनी मला काहीतरी विचारण्याची ही पहिलीच वेळ होती. सल्ला विचारायचा तो वेदला. वेद म्हणजे माझा साडू, मेहुणी पूर्वी हिचा नवरा. घानात, आक्राला एका खाणकंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, गोरा आहे, आणि वाकून नमस्कार करताना त्याच्या पाठीतून आवाज येत नाही. अशा जावयाला सोडून त्यांनी मला विचारावं, या विचाराने माझा ऊर भरून आला.

"वेदला विचारणार होते," सासूबाई पुढे म्हणाल्या, "पण तो फार बिझी असतो."

ऊर होता तसा रिकामा झाला. तरी मी म्हणालो, "काही काळजी करू नका, आई. पाच मिनिटांचं काम आहे."

त्या पाच मिनिटांनी माझा पुढचा आठवडा खाल्ला.

पहिली चूक मी तिथल्या तिथेच केली. अनुपने पाठवलेलं तिकीट उघडलं. नैरोबीहून सुटणार सातला, आक्राला पोचणार दहाला. दहातून सात गेले, राहिले तीन. तीन तास उपाशी बसायला काय हरकत आहे? मी लगेच फोन लावला आणि सांगितलं, "आई, तीन तासांचाच प्रवास आहे. आक्राला उतरा, चंद्र बघा आणि निवांत जेवा." त्या 'बरं' म्हणाल्या. मी चहा टाकला, आणि कपात ओततो न ओततो तोच माझी बायको अक्षया खाली आली.

"तीन तास?" ती म्हणाली. "अवधूत, नैरोबीचं घड्याळ आक्राच्या तीन तास पुढे आहे. फ्लाइट सहा तासांची आहे. आई नैरोबीच्या वेळेनं रात्री एकला उतरणार, आणि तू तिला उतरून जेवायला सांगितलंस?"

मी ताळेबंद जुळवणारा माणूस आहे. लंडनच्या सिटीतल्या एका मोठ्या कंपनीत माझा पगार त्यावरच चालतो. आमच्या ऑफिसात दोन वर्षं रिस्ट्रक्चरिंग चाललंय, म्हणजे खुर्च्या तेवढ्याच राहतात आणि माणसं कमी होत जातात. त्याबद्दल मी कोणाकडे फारसं बोलत नाही. व्हिसा नोकरीला बांधलेला आहे, नोकरी गेली तर गाशा गुंडाळून निघावं लागेल, हे बोलून दाखवण्यात काय अर्थ आहे? सांगायचा मुद्दा असा की वजाबाकी हा माझा व्यवसाय आहे, आणि दहातून सात वजा करण्यात मी तोंडघशी पडलो होतो.

अक्षयाच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. सासूबाईंना शुगर आहे. संकष्टीला त्या दिवसभर चहापाण्यावर असतात. गेल्या वर्षी सांगलीत एका हळदीकुंकवात त्यांना असाच उपाशीपोटी घाम फुटला आणि हातातल्या तबकासह त्या खाली बसल्या. डॉक्टरांनी बजावलं होतं की काही झालं तरी रात्री नऊच्या पुढे पोट रिकामं ठेवायचं नाही. तिथे शेजारी धावून आले. विमानात कोण येणार?

"तिला म्हणावं, या वेळी राहू दे," अक्षया म्हणाली.

"तू सांग."

"माझं नाही ऐकणार."

"माझं ऐकतील?"

अक्षयाने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला.

तेव्हा आता नीट शोधायचं ठरलं. नैरोबी आणि आक्रा यांच्यामधलं अंतर इंटरनेटवर प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. एका ठिकाणी चार हजार दोनशे किलोमीटर. दुसऱ्या ठिकाणी सहा हजारांच्या वर. तो माणूस मोटारीने चालला होता, हे खूप खाली गेल्यावर कळलं. एका ठिकाणी उड्डाणाला पाच तास, एका ठिकाणी सहा, आणि एका ठिकाणी चौदा, कारण मध्ये उतरून दुसऱ्या विमानाची वाट पाहायची होती. एका साइटने तर मला विचारलं की आपण कुत्रा बरोबर नेणार आहात का. मी सगळ्यांची सरासरी काढणार होतो, पण अक्षयाने लॅपटॉप मिटला.

तेवढ्यात तिला एक मुद्दा सुचला. "हे बघ, आक्रा आणि लंडन, दोन्हीकडे हिवाळ्यात एकच वेळ असते. म्हणजे आपल्याकडे चंद्र उगवला की आक्रातही उगवला. खिडकीतून बघायचं, संपलं!"

मला हे पटलं. फार पटलं. पण कॅलेंडर पाहिलं तर पिनरला चंद्र संध्याकाळी सहाच्याही आधी उगवणार होता आणि आक्रात साडेआठच्या सुमाराला. घड्याळ एक आणि चंद्र दोन! का, ते मला आजही विचारू नका. मला समजावून सांगण्यात आलं आहे.

समजावून सांगणाऱ्यांत पहिले हिलेलकाका. आमच्या उजव्या हाताचं घर त्यांचं. हिलेलकाका आणि रिवकाकाकू मूळचे अलिबागकडचे बेने इस्रायली ज्यू. साठ वर्षांपूर्वी मुंबईहून इथे आले. मुलं-नातवंडं फक्त इंग्लिश बोलतात, त्यामुळे काका आपलं मराठी आमच्यासाठी राखून ठेवतात आणि भेटलो की एकदम सोडतात. मी कचऱ्याचा बिन बाहेर काढायला गेलो होतो, काका त्यांचा बिन घेऊन आले, आणि त्यांनी माझा चेहरा पाहिला.

"काय रे अवधूत, कोण आजारी बिजारी आहे काय?"

मी सगळं सांगितलं. काका बिनवर हात टेकून उभे राहिले.

"अरे, हे आमच्याकडे नेहमीचंच. आमचा उपास आकाशात तीन तारे दिसले की सुटतो. माझी गंमत ऐक. एकदा मी न्यूयॉर्कला चाललो होतो आणि नेमका त्या दिवशी आमचा एक लहान उपास. म्हटलं, काय, संध्याकाळपर्यंत तर थांबायचं! विमान दुपारी सुटलं. चार तास झाले, पाच तास झाले, सूर्य आपला तिथेच! मावळेचना! आपण पश्चिमेला चाललोय ना रे, आपण त्याच्या मागे आणि तो आपल्या पुढे. तीन तारे सोड, मला एक काजवा दिसला नाही. रिवकाला विचार, उतरलो तेव्हा माझी काय दशा होती."

"बॅग सोडून आले होते," दारातून काकूंचा आवाज आला.

"मग काका, उपास कधी सोडला?"

"आमच्या धर्मगुरूला, रब्बायला विचारलं तर तो म्हणाला, पायलटला विचार. पायलटला विचारलं तर तो म्हणाला, सर, सीटवर बसा."

काकांनी मला धीर द्यायला ही गोष्ट सांगितली होती. पण मला त्यात भलताच हिशेब दिसायला लागला. नैरोबीहून आक्रा म्हणजे सरळ पश्चिमेलाच. म्हणजे विमान जसजसं पुढे जाणार तसतसा चंद्रोदयही पुढे पुढे सरकणार. नैरोबीत चंद्र नऊला उगवणार होता, डॉक्टरांच्या हद्दीत. पण नऊ वाजता सासूबाई नैरोबीत असणारच नव्हत्या. मग त्यांच्यापुरता चंद्र कधी उगवणार?

रविवारी मी संजयला बोलावलं. संजय स्टॅनमोरला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे, आमच्या मंडळाच्या गणपतीत स्पीकर लावतो, आणि जगातल्या प्रत्येक अडचणीवर त्याला एक ॲप माहीत असतं. त्याने दारातच जाहीर केलं, "धिस इज अ मूव्हिंग ऑब्झर्व्हर प्रॉब्लेम. घरात ग्लोब आहे?"

ग्लोब नव्हता. हॅलोवीनसाठी आणलेला आणि कोरायचा राहून गेलेला भोपळा होता. संजयने तो डायनिंग टेबलावर ठेवला. एक लवंग टोचून म्हणाला, "हे नैरोबी." दुसरी टोचली, "हे आक्रा." अक्षयाने टॉर्च धरला, मी चंद्र म्हणून लिंबू घेऊन फ्रिजपाशी उभा राहिलो, आणि विमान म्हणून एक शेंगदाणा पश्चिमेकडे निघाला. आता पृथ्वी फिरवायची. तर ती कुठल्या बाजूला फिरते, यावर आमचा वाद झाला. संजय म्हणाला उजवीकडे, अक्षया म्हणाली डावीकडे, मी म्हणालो मी फ्रिजकडून बघतोय त्यामुळे दोघांच्या उलट. तीन डिग्र्यांची माणसं एका भोपळ्यापुढे हतबल झाली. त्या गडबडीत शेंगदाणा टेबलाखाली पडला आणि अक्षया कळवळून म्हणाली, "अरे, आई!"

अखेर संजयने लॅपटॉप काढला, अंतर घातलं, वेग घातला, चंद्र घातला, आणि दोन कप चहानंतर म्हणाला, "नैरोबीच्या घड्याळात रात्री साडेदहा. टेक ऑफनंतर साडेतीन तासांनी. कॅमेरूनच्या आसपास. पण एक इश्यू आहे."

"काय?"

"चंद्र पूर्वेला उगवतो आणि विमान चाललंय पश्चिमेला. म्हणजे चंद्र शेपटीमागे उगवणार. आणि विमानाला मागे खिडकी नसते."

अक्षयाने भोपळा उचलला आणि त्याचे घारगे करायला घेतले. कोरायच्या भोपळ्याला चव नसते, हे त्या दिवशी कळलं. आम्ही पृथ्वी निमूटपणे खाल्ली.

मागच्या बाजूची खिडकीची सीट मिळाली तर निदान मान वळवून चंद्राची कड तरी दिसेल, म्हणून सोमवारी मी विमान कंपनीला फोन केला. तासभर संगीत ऐकल्यावर एक बाई आल्या. माझ्या इंग्लिशमध्ये जितकं ब्रिटिश ओतता येईल तितकं ओतून मी म्हणालो, "शनिवारच्या नैरोबी-आक्रा फ्लाइटबद्दल एक छोटीशी एन्क्वायरी होती. टेक ऑफनंतर साडेतीन तासांनी विमान एक्झॅक्टली कुठे असेल?"



"सर, मे आय आस्क व्हाय यू नीड टू नो?"

आपण काय विचारून बसलो, ते मला तेव्हा कळलं. "चंद्र बघायचाय," मी म्हणालो. "म्हणजे मला नाही. सासूबाईंना."

"इज युअर मदर-इन-लॉ अवेअर ऑफ धिस, सर?"

मग मी त्यांना गणपती, चतुर्थी, चंद्र आणि साबुदाणा हे सगळं सांगितलं. इंग्लिशमध्ये सांगताना ते सगळं फार संशयास्पद वाटतं. बाईंनी मला दुसरीकडे जोडलं, त्यांनी तिसरीकडे, आणि तिसऱ्या माणसाने मायेने विचारलं, "सो द लेडी नीड्स असिस्टन्स?" मी थकलो होतो. मी 'येस' म्हणालो. त्याने मागची खिडकीची सीट दिली, आणि न मागता व्हीलचेअर दिली. सासूबाई सांगलीत रोज गणपतीच्या देवळापर्यंत चालत जातात आणि परत येताना भाजी आणतात. पण व्हीलचेअर रद्द करायला पुन्हा तासभर संगीत ऐकायची माझी तयारी नव्हती.

राहता राहिला एकच प्रश्न, आणि तोच खरा होता. साडेदहा म्हणजे डॉक्टरांच्या नऊच्या पुढे दीड तास.

"अवधूत," गुरुवारी अक्षया हळूच म्हणाली, "तिला नऊ सांग ना. नैरोबीचा चंद्र नऊचाच आहे. आईला कुठे कळणार आहे?"

मला मोह झाला, नाही म्हणत नाही. पण मी विचार केला. सात वर्षांत त्यांनी पहिल्यांदा एक गोष्ट विचारली, आणि तीही वेद बिझी म्हणून. पहिलंच उत्तर मी चुकवलं, दुसरं खोटं देऊ? "नाही," मी म्हणालो. "त्यांचा विश्वास आहे. मी खरं तेच सांगणार." असं बोलताना मी खिडकीच्या काचेत स्वतःकडे पाहिलं, आणि मला तो माणूस आवडला.

फोन लावला. तीन तासांची चूक आधी कबूल केली, त्यावर त्या नुसतं 'हं' म्हणाल्या. मग म्हणालो, "आई, साडेदहा. पण तुमची शुगर आहे, तेवढा वेळ थांबवेल का?"

"सरबताची बाटली पर्समध्ये ठेवते. घेरी आल्यासारखं वाटलं तर घोटभर घेईन, त्यानं व्रत मोडत नाही. चंद्र नाही दिसला तरी चालतं हो, वेळ झाली की झालं. छोटा गणपतीही पर्समध्येच आहे. साडेदहा ना? नक्की?"

"नक्की."

"मग साडेदहाच्या आधी घास नाही, आणि नंतर मिनिटभर थांबायची नाही."

शनिवारी दुपारी चारला, म्हणजे त्यांच्या सातला, विमान उडालं. आम्ही दोघं सोफ्यावर बसून फोनवर त्या विमानाचं इवलंसं चित्र बघत होतो. ते इतकं हळू सरकत होतं की मध्येच मला ते थांबल्यासारखं वाटलं. अक्षयाने देवापुढे दिवा लावला. सहा वाजता आमच्या गार्डनवर चंद्र आला, स्वच्छ, गोल, ऐटबाज. त्याचा आम्हाला काही उपयोग नव्हता. दोघांपैकी कोणी काही खाल्लं नाही. उपास म्हणून नाही, फोनवरची नजर हलेना. मी खरं सांगितलं खरं, पण खऱ्यापायी त्या बाईला वर आभाळात काही झालं तर अक्षया मला जन्मभर काही बोलणार नाही, नुसती बघेल, हे मला दिसत होतं. भीती वाटत होती, अगदी साधी भीती. साडेसात वाजले, म्हणजे त्यांचे साडेदहा, तेव्हा चित्र कॅमेरूनवर होतं. "आत्ता खात असेल," अक्षया म्हणाली आणि रडायला लागली. मी पोळीभाजी गरम केली.

रात्री आक्राहून पूर्वीने मेसेज केला: आई पोचली, छान आहे, व्हीलचेअर का?

रविवारी सकाळी सहाला फोन.

"अवधूतराव, बारा वाजत आले हो!"

"आई, कशा आहात? चक्कर वगैरे?"

"छे! सरबताचं झाकणसुद्धा उघडलं नाही. अहो, काय हिशेब तुमचा! विमान सुटून तास झाला असेल नसेल, ती मुलगी जेवणाची गाडी घेऊन माझ्यापाशी उभी राहिली, आणि मी मनगटाकडे पाहते तर बरोब्बर साडेदहा! गाडीचीसुद्धा वेळ धरलीत तुम्ही. गणपतीला डब्यातल्या मोदकांचा नैवेद्य दाखवला, शेजारच्या बाईला पण एक मोदक दिला, आणि पोटभर जेवले. उतरल्यावर तर काय, महाराणीसारखं खुर्चीत बसवून नेलं. वेदला म्हटलं, बघ, अवधूतरावांनी करून ठेवलंय सगळं."

मी ऐकत होतो, पण 'विमान सुटून तास' इथेच माझं गाडं रुतलं होतं. तास कसा? साडेतीन तास हवेत.

"आई," मी जपून विचारलं, "तुमच्या घड्याळात आत्ता किती वाजलेत?"

"बारा वाजत आले म्हटलं ना मघाशी! ह्यांचं घड्याळ आहे हे. हे गेल्यापासून मी रोज किल्ली देते, काटे मात्र फिरवत नाही. सांगलीची वेळ ती सांगलीची."

मी पलंगावर बसलो. बारा वाजत आले, हा टोमणा नव्हता. सात वर्षं, सांगलीतून असो की नैरोबीतून, त्या मला फक्त घड्याळात दिसत होतं ते सांगत होत्या. मी साडेदहा सांगितलं, आणि त्यांनी सांगलीचे साडेदहा धरले. विमान नैरोबीहून तासभर पुढे गेलं होतं, चंद्राला उगवायला अजून अडीच तास होते, आणि सासूबाई मोदक खात होत्या. दीड तासाचं खोटं बोलायला मी बाणेदारपणे नकार दिला होता, आणि अडीच तासांचं बोलून बसलो होतो.

पण शुगर सांभाळली गेली ना! आता गप्प बसायचं. व्रत वेदसाठी असणार, त्याच्या प्रमोशनसाठी. एवढा बिझी माणूस, अडीच तास इकडेतिकडे झाले तर त्याला कळणारही नाही. हे मनात आलं तेव्हा मला जरासं बरंच वाटलं, हे लपवत नाही.

"चला," मी मोठ्या मनाने म्हणालो, "एकवीस पुऱ्या झाल्या. वेदचं काम होणार बघा आता."

"वेदचं?" सासूबाई म्हणाल्या. "वेदला काय धाड भरलीय! अहो, तुमच्यासाठी धरलं होतं मी. अक्षयानं सांगितलं होतं तेव्हा, ऑफिसात गडबड आहे, नोकरीचं काही खरं नाही, तुम्ही कुणाशी बोलत नाही, रात्रीचे उठून बसता. मी काय करणार इतक्या लांबून? म्हटलं, एकवीस संकष्ट्या तर करीन. म्हणून तर वेळ तुम्हाला विचारली. ज्याच्यासाठी करायचं, त्याच्याच तोंडून वेळ यावी. मग बिझी-बिझी आपलं काहीतरी सांगितलं. आता काळजी करू नका. तुमचं काम झालंच म्हणून समजा."

ती बाई माझ्यासाठी एकवीस महिने अर्धपोटी राहिली होती. सांगलीत तबकासह खाली बसली, तीही माझ्यासाठी. आणि मी तिच्या फोनला टोमणा म्हणत होतो. मला रडू आलं. 'आई, थँक यू' एवढंच कसंबसं म्हटलं, आणि फोन ठेवला.

आणि ठेवल्यानंतर दुसरी गोष्ट ध्यानात आली. व्रत माझ्या नोकरीचं होतं. त्यातल्या वीस संकष्ट्या बिनचूक झाल्या होत्या, आणि एकविसावी मी स्वतः, भोपळा, लिंबू आणि लॅपटॉप वापरून, अडीच तास आधी मोडली होती.

मी असल्या गोष्टी मानत नाही. मंगळवारी ऑफिसात आमची मोठी मीटिंग होती, कोण राहणार आणि कोण जाणार ते त्या दिवशी कळायचं होतं. मी असल्या गोष्टी मानत नाही, असं ट्रेनमध्ये पिनरपासून मूरगेटपर्यंत स्वतःला सांगत गेलो. मॅनेजर आला, बसला, घसा साफ केला आणि म्हणाला की माझ्या टीमचा निर्णय सध्या होऊ शकत नाही, तो जानेवारीपर्यंत पुढे ढकलला आहे. बाकी सगळ्या टीम्सचे निर्णय झाले होते. फक्त आमचा अर्धवट राहिला. सहकारी म्हणाले, निदान गेली तरी नाही. मला एकट्यालाच ठाऊक होतं की व्रत जेवढं पुरं झालं होतं, तेवढंच फळ आलं होतं.

सासूबाईंना खरं सांगावं का? सांगितलं असतं तर त्यांनी पुन्हा एकवीस धरल्या असत्या, शुगरसकट. अक्षयाला सांगावं का? ती आईला सांगेल. हिलेलकाकांना मात्र बिनपाशी सांगितलं. ते बराच वेळ हसले, मग डोळे पुसून म्हणाले, "मग आता राहिलेले अडीच तास तूच भर की रे."

म्हणून डिसेंबरची संकष्टी मी धरली आहे. अक्षयाने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मी सकाळपासून चहावर आहे. पिनरचा चंद्रोदय तीन ठिकाणी तपासला, संजयलाही विचारला, त्याला कारण सांगितलं नाही. दुपारी दोनपासून माझ्या डोळ्यांपुढे बटाटेवडे येत आहेत. आणि संध्याकाळी चार वाजल्यापासून बाहेर ढग आहेत, इंग्लंडचे डिसेंबरातले ढग, अगदी छपराला टेकलेले. चंद्र कधी आला आणि कधी गेला, काही कळणार नाही. शेवटी न राहवून आक्राला फोन लावला.

"अहो, तुम्ही उपास धरलात?" सासूबाईंचा आवाज एकदम ओला झाला. "माझ्यामागे तुम्ही चालवताय? वेदला सांगते आत्ता!"

"आई, पण ढग आहेत. चंद्र दिसणार नाही. मग सोडायचा कधी?"

"त्यात काय एवढं? ढग असले की घड्याळ बघायचं. तुम्हीच नाही का मला शिकवलंत, किती बरोब्बर!"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग मनगटावरच्या. मग ओव्हनवरच्या, जे ऑक्टोबरात तासभर मागे घ्यायचं राहून गेलंय. पोटात कावळे कोकलत होते. मी फोन घट्ट धरून विचारलं,

"आई, कुठलं?"